लायडन विद्यापीठाची जुनी वनस्पती बाग: ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात आमचा झाडं बघणाऱ्यांचा गट आहे. येऊर, खाडीकाठ, तलावपाळीभोवतीची जुनी झाडं असं आमचं फिरणं चालतं. पण आता गटाकडे वेगळेच प्रश्न येतात. कुणाची मुलगी डेल्फ्टला शिकते, कुणाचा मुलगा आइंडहोव्हनला नोकरीला आहे. आई-वडील एप्रिल-मे धरून नेदरलँड्सला निघतात आणि विचारतात, तिकडे झाडांचं बघण्यासारखं काय आहे? आमचं उत्तर ठरलेलं असतं: लायडनची हॉर्टस बोटॅनिकस. मग पुढचे प्रश्न सुरू होतात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. प्रश्नांना क्रमांक दिलेत, म्हणजे तेच उत्तर दोनदा वाचावं लागणार नाही.

1. ही म्हणजे ती ट्युलिपच्या रांगा-रांगांची बाग ना, फोटोत असते ती?

नाही. ती क्युकेनहॉफ. लिस गावाजवळची ती बाग वसंतात साधारण दोनच महिने उघडी असते आणि फुलांचं मोठं प्रदर्शन बघायला लोक तिथे जातात. हॉर्टस ही लायडन विद्यापीठाची बाग आहे. ती भर शहरात, रापेनबुर्ख कालव्याच्या काठी, विद्यापीठाच्या मुख्य जुन्या इमारतीच्या मागे आहे. इथे झाडं लावतात ती शिकण्यासाठी, शिकवण्यासाठी आणि जपून ठेवण्यासाठी. फुलांचा गालिचा बघायचा असेल तर क्युकेनहॉफलाच जा, मन भरून येईल. पण एकेका झाडापाशी थांबून ते कुठून आलं, कुणी आणलं, कशासाठी आणलं हे ज्यांना जाणून घ्यायचंय त्यांनी लायडन चुकवू नये. दोन्ही करायचं असेल तर तेही जमतं. हंगामात लायडन स्टेशनवरून क्युकेनहॉफला थेट बस सुटते. मात्र दोन्ही एकाच दिवशी कोंबू नका.

2. जुनी म्हणजे नेमकी किती जुनी?

विद्यापीठ 1575 सालचं. स्पॅनिश सैन्याचा वेढा लायडनच्या लोकांनी उपाशीपोटी सोसला, 1574 मध्ये तो उठला आणि पुढच्याच वर्षी शहराला विद्यापीठ मिळालं. बागेसाठी जागा 1590 मध्ये मिळाली. 1593 मध्ये कॅरोलस क्लूसियस हा त्या काळातला नावाजलेला वनस्पतीतज्ज्ञ बाग उभी करायला आला. तेव्हा त्याचं वय साठीच्या पुढे होतं आणि तब्येतही धड नव्हती. त्यामुळे जमिनीवरचं बरंचसं काम डेल्फ्टहून आलेल्या डिर्क क्लूट या औषधविक्रेत्याने केलं. 1594 पर्यंत बाग लागली. त्या वर्षी कोणत्या वाफ्यात काय होतं याची यादी आजही शिल्लक आहे. त्या यादीवरूनच क्लूसियसची मूळ बाग आता पुन्हा मांडलेली आहे.

सुरुवातीचा हेतू वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना औषधी वनस्पती ओळखायला शिकवणं हा होता. क्लूसियसने मात्र फक्त औषधी झाडांवर भागवलं नाही. शोभेची, नवलाची, लांबून आलेली, जे मिळेल ते लावलं. त्यात ट्युलिपचे कंद होते. त्याच्या बागेतून कंद चोरीला गेल्याची हकिकत प्रसिद्ध आहे. ट्युलिपच्या कंदांच्या किमती वेड्यासारख्या चढून कोसळल्या, तो 1636-37चा गाजलेला फुगा त्याने पाहिला नाही. तो 1609 मध्येच वारला होता.

3. तिथे पोहोचायचं कसं?

आगगाडीने. ॲमस्टरडॅमचा विमानतळ स्किपोल. तिथल्याच भुयारी फलाटावरून लायडनची गाडी मिळते आणि पंधरा-वीस मिनिटांत पोहोचवते. ॲमस्टरडॅम शहरातून साधारण पस्तीस-चाळीस मिनिटं, हेगहून पंधराच्या आसपास. स्टेशनवरून बाग चालत वीसेक मिनिटांवर आहे आणि तो रस्ता इतका सुरेख आहे की बस पकडू नका असंच आम्ही सांगतो.

तिकिटासाठी बँकेचं काँटॅक्टलेस कार्ड गेटवर टेकवलं की काम होतं. उतरल्यावर पुन्हा टेकवायला विसरू नका, नाहीतर जास्तीचे पैसे कापले जातात. आणि प्रत्येकाचं कार्ड वेगळं लागतं. एका कार्डावर नवरा-बायको दोघं जाऊ शकत नाहीत.

4. कोणत्या महिन्यात जावं? आम्हाला मेच्या सुट्टीतच जमतं.

मे उत्तम. एप्रिलच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत बाहेरची बाग भरात असते. जून ते ऑगस्टमध्ये गेलात तर काचघरातल्या तळ्यात व्हिक्टोरिया ॲमेझोनिका हे महाकाय कमळ बघायला मिळू शकतं. काठ वर वळलेली त्याची पानं परातीहून कितीतरी मोठी होतात. फूल रात्री उमलतं, पहिल्या रात्री पांढरं, दुसऱ्या रात्री गुलाबी.

ऑक्टोबरमध्ये पानं रंग बदलतात, पण 3 ऑक्टोबर टाळा. वेढा उठल्याचा तो दिवस (प्रश्न 2 पाहा) लायडन गावजत्रेसारखा साजरा करतं. हेरिंग मासा आणि पांढरा पाव वाटला जातो, रस्ते भरून जातात. तो सोहळा बघायला जरूर जा, बागेसाठी दुसरा दिवस ठेवा. 27 एप्रिल हा त्यांच्या राजाचा वाढदिवस. त्या दिवशीच्या गाड्यांची गर्दी बघून आपल्याला सकाळच्या लोकलची आठवण येते.

हिवाळ्यात बाहेर फार काही नसतं, पण काचघरं उबदार असतात. फेब्रुवारीत मुलाकडे अडकून पडलेल्या आजी-आजोबांना दुपार घालवायला याहून चांगली जागा नाही.

5. तिकीट किती? वेळ काय?

तिकीट आहे, दर बदलत राहतात. उन्हाळ्यात बाग जास्त वेळ उघडी असते, हिवाळ्यात लवकर बंद होते आणि आठवड्याची सुट्टीही असते. निघायच्या आदल्या दिवशी बागेच्या संकेतस्थळावर बघा. तुमच्या मुलांकडे डच म्युझियम कार्ड असेल तर ते सोबत न्यायला सांगा.

6. अर्ध्या तासात होईल का? पुढे ॲमस्टरडॅम करायचंय.

होईल, पण मग जाऊ नका. किमान तीन तास ठेवा.

आमचा सल्ला असा. आधी क्लूसियसची बाग बघा. चिमुकली आहे. चौकोनी वाफे, प्रत्येकात थोडी थोडी झाडं. सव्वाचारशे वर्षांपूर्वीच्या माणसाला जगातल्या वनस्पती केवढ्याशा जागेत मावतील असं वाटत होतं, ते तिथे उभं राहिल्यावर कळतं. मग कालव्याच्या कडेने मोठ्या झाडांकडे जा. 1601 मध्ये लावलेलं लॅबर्नमचं झाड बागेतलं सर्वांत जुनं. मेमध्ये त्याला पिवळे घोस लोंबतात आणि आपल्याकडचा कुणीही पहिल्यांदा 'बहावा!' असंच म्हणतो. तो बहावा नव्हे, पण दोघंही शेंगांच्याच कुळातले. (शेंगांबद्दल प्रश्न 13 नक्की वाचा, विशेषतः नातवंडं बरोबर असतील तर.) तिथून जपानी बाग, जुन्या वेधशाळेचा घुमट, आणि सगळ्यात शेवटी काचघरं. काचघरं आधी केलीत तर बाहेरच्या गारव्यात परत निघायचा कंटाळा येतो.

7. पाट्या डच भाषेत असतील. आम्हाला काय कळणार?

पाटीवरचं लॅटिन नाव वाचा, तेवढं पुरे. जगातल्या कुठल्याही वनस्पती बागेत तेच नाव असतं. लॅटिन नाव फोनवर टाकून पुढे 'मराठी नाव' लिहून शोधलंत की आपलं आपल्याला सापडतं. कुळाचं नाव आणि मूळ प्रदेशही बहुधा दिलेला असतो. एक सवय लावून घ्या: आधी मूळ प्रदेश बघायचा. भारत, श्रीलंका, इंडोनेशिया दिसलं की थांबायचं. या बागेचा जीव आशियात आहे. ऑर्किड, घटपर्णी, नेचे आणि सुरणाच्या कुळातली झाडं ही तिची खास जमवाजमव.

8. म्हणजे आपल्याकडची झाडं तिथे बघायला एवढ्या लांब जायचं?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि तो रास्त आहे. उत्तर शेवळापासून सुरू करू.

जूनच्या पहिल्या सरी पडल्या की जांभळी नाक्याच्या बाजारात मुरबाड-शहापूरकडच्या बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. जुडीतलं एक शेवळ हातात घ्या. बाहेरचं जांभळट-तपकिरी आवरण उलगडलं की आत एक उभा दांडा असतो. दांड्याच्या खालच्या अंगाला दाणेदार पिवळसर पट्टा. तो आपण खरवडून टाकतो, कारण त्याने घसा खाजतो. आणि भाजीत काकडं घालतो, नसतील तर चिंच-आमसूल. घरोघरी हे शिकवलेलं असतं. आता तोच दांडा बागेतल्या माणसाच्या नजरेने बघा. ते दाणे म्हणजेच खरी फुलं, वर नर आणि खाली मादी. ज्याला आपण आवरण म्हणतो ते फुलांना वेढणारं एकच पान. आणि खाज सुटते ती कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे.

शेवळ, सुरण आणि सुमात्रातला टायटन ॲरम ही एकाच प्रजातीतली, ॲमॉर्फोफॅलसमधली भावंडं. टायटनचा फुलोरा माणसाच्या डोक्यावर जातो, तीन मीटरपर्यंतही. पण रचना तीच: एक आवरण, एक दांडा, तळाशी दाणे. पहिल्या रात्री मादी फुलं तयार असतात. तेव्हा दांडा स्वतः तापतो, सडक्या मांसाचा वास दूरवर पसरतो आणि मेलेल्या जनावरावर येणारे किडे फसून आत उतरतात. नर फुलं त्यानंतर पिकतात, म्हणजे स्वतःचेच पराग स्वतःवर पडत नाहीत. शेवळाचा वासही काही वेगळी गोष्ट सांगत नाही.

लायडनच्या काचघरात या कुळाची मोठी जमवाजमव आहे. युरोपातला माणूस तिथे नवल बघायला येतो. शेवळं साफ केलेली ठाण्याची गृहिणी तिथे ओळखीचं काहीतरी बघते आणि तिला त्या झाडाची रचना पाटी न वाचता समजते. आम्हाला वाटतं, एवढ्यासाठी जाणं सार्थकी लागतं.

9. टायटन ॲरम फुलणार अशी बातमी आली तर त्या हिशेबाने तिकीट काढू का?

विमानाचं अजिबात नको. फुलोरा एक-दोन दिवसच टिकतो आणि कळी दिसल्यावरही नेमका दिवस सांगता येत नाही. दोन फुलोऱ्यांमध्ये काही वर्षं जाऊ शकतात. तुम्ही आधीच तिथे असाल आणि बातमी आली, तर मात्र हातातलं काम टाकून जा, संध्याकाळीच.

10. या बागेचा कोकण-मलबारशी संबंध आहे असं ऐकलं. खरं का?

खरं आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय बाग बघितली तर अर्धीच बघितली.

आधी मुंबई. गार्सिया द ऑर्टा हा पोर्तुगीज वैद्य 1534 मध्ये गोव्याला आला. मुंबईचं बेट त्याला भाडेपट्ट्याने मिळालेलं होतं. इथल्या औषधांवर आणि फळांवर त्याने संवादरूपाने पुस्तक लिहिलं, ते 1563 मध्ये गोव्यातच छापलं गेलं. त्यात आंब्यावरही प्रकरण आहे. पोर्तुगीज भाषेतलं ते पुस्तक युरोपातल्या विद्वानांपर्यंत पोहोचलं ते लॅटिनमुळे, आणि 1567 मध्ये ते लॅटिन संक्षिप्त रूप करणारा माणूस म्हणजे प्रश्न 2 मधला क्लूसियस. लायडनची बाग लावायच्या पंचवीसेक वर्षं आधीच त्याच्या हाताखालून आपल्या किनाऱ्याची झाडं गेली होती.

मग मलबार. हेंड्रिक व्हान रेडे हा डच कंपनीचा मलबारचा कमांडर. त्याने कोचीनला बसून 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ तयार करवला. तो 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. सातशेहून जास्त वनस्पती, प्रत्येकीचं चित्र. पहिल्या खंडावर टिपणं लिहिणारा आर्नोल्ड सायेन हा लायडनचा प्राध्यापक आणि याच बागेचा प्रमुख होता.

पण झाडं ओळखली कुणी? इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याने, आणि रंगभट, विनायक पंडित, आप्पुभट या तीन कोकणी वैद्यांनी. या तिघांची साक्ष 20 एप्रिल 1675 या तारखेची आहे. ती कोकणी भाषेत, नागरी लिपीत आहे आणि त्या लॅटिन ग्रंथाच्या पहिल्या खंडात तशीच छापलेली आहे. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हाची ही अक्षरं. आज तुम्ही-आम्ही ती वाचू शकतो. लायडनच्या विद्वानांना ती वाचता येत नव्हती. पुढे लिनियस या स्वीडिश वनस्पतीतज्ज्ञाने भारतातल्या कितीतरी झाडांना शास्त्रीय नावं देताना या ग्रंथाचा आधार घेतला. प्राध्यापक के. एस. मणिलाल यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं खर्चून त्याचं इंग्रजी आणि मल्याळम भाषांतर केलं.

ग्रंथ बागेत ठेवलेला सापडेल अशी अपेक्षा ठेवू नका. त्याची पानं इंटरनेटवर मोफत बघता येतात. जाण्याआधी पहिला खंड उघडा, नागरी अक्षरांचं ते पान शोधा आणि मगच विमानात बसा.

11. बागेशी जोडलेली माणसं आणि आपली झाडं, अजून काही आहे का?

दोन उदाहरणं, दोन्ही पावसाळ्यात तुमच्या सोसायटीच्या कुंपणाशी उगवतात. पहिली घेटुळी, म्हणजे पुनर्नवा. तिचं शास्त्रीय नाव बोएर्हाविया डिफ्युजा. हेर्मान बुरहाव्हे हा अठराव्या शतकातला युरोपातला सर्वांत नामांकित वैद्य, आणि या बागेचा प्रमुख. त्याच्याच नावाने ही प्रजाती ओळखली जाते. दुसरा केना, निळ्या फुलाचा. त्याची कॉमेलिना ही प्रजाती कॉमेलिन घराण्याच्या नावाची. त्या घराण्यातला यान कॉमेलिन 'हॉर्टस मलबारिकस'च्या पुढच्या खंडांवर काम करणारा. वाशी-नेरूळच्या पदपथांवर पायाखाली येणाऱ्या या दोन झाडांकडे लायडनहून आल्यावर वेगळ्या नजरेने बघाल.

12. बागेत जपानचं इतकं काय आहे?

फिलिप फ्रान्झ फॉन झीबोल्ट हा जर्मन डॉक्टर डचांच्या नोकरीत 1823 ते 1829 जपानमध्ये, नागासाकीजवळच्या देजिमा बेटावर होता. तेव्हा जपान बाहेरच्यांना जवळजवळ बंद होता. त्याने रोपं आणि बिया पाठवल्या, आणि त्यातली काही झाडं आजही बागेत जिवंत आहेत. त्याच्या स्मरणार्थ जपानी बाग केली आहे, लाल भिंतीची. शांत बसायला ती जागा चांगली.

याच झीबोल्टमुळे युरोपात पसरलेली एक वनस्पती मात्र डोकेदुखी झाली. जपानी नॉटवीड. शोभेची म्हणून आणली, आणि आता ती पाया आणि रस्त्यांच्या फटींतून वर येते, उपटून संपत नाही. आपल्याकडे घाणेरी आणि जलपर्णी अशाच शोभेच्या म्हणून आल्या. उल्हास नदीवरचा जलपर्णीचा हिरवा थर ज्यांनी बघितलाय त्यांना जास्त सांगायला नको.

13. खाली पडलेली शेंग, बी, पान उचललं तर चालेल का? झाडाखालीच पडलेलं असतं.

नको. अशा बागेतल्या प्रत्येक झाडाची नोंद असते: कुठून आलं, कधी आलं, कुणी दिलं. त्याच्या बियाही त्या नोंदीचाच भाग. आणि दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. लॅबर्नमच्या शेंगा अगदी वाटाण्यासारख्या दिसतात आणि त्यांच्या बिया विषारी असतात. लहान मुलं उचलून तोंडात घालतात. नातवंडांना दारातच सांगून ठेवा. बाकी झाडांनाही हात न लावलेलाच बरा.

पूजेसाठी दोन फुलं तोडू का, असंही एका काकूंनी विचारलं होतं. तोडू नका. चौकात फुलांचा बाजार भरतो, तिथे फुलं मुबलक मिळतात.

14. मुलीला आंबे, कढीपत्ता, तुळशीचं रोप न्यायचंय. चालेल?

तुळशीचं रोप नाही, कढीपत्त्याचा डहाळा नाही, आणि हापूसही नाही. डिसेंबर 2019 पासून युरोपीय संघात ताजी फळं, भाज्या, रोपं, बिया नेताना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, प्रवाशाच्या पिशवीतल्यालाही. अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन एवढीच सूट. आंब्यातल्या फळमाशीचा त्यांना खरा धाक आहे. 2014 मध्ये त्यांनी भारतीय आंब्यावर काही महिने बंदीच घातली होती.

दूध आणि मांसाचे पदार्थही बंद आहेत. म्हणजे पेढे, खवा, पनीर, तूप राहू द्या. सुका मसाला, लोणचं, आमसुलं, कोरडी चटणी, चकली-लाडू (तुपातले नव्हेत) यांना सहसा अडचण येत नाही. कढीपत्ता वाळवून पूड करून न्या.

15. येताना ट्युलिपचे कंद आणू का? दुकानात सर्रास विकतात, पाकिटावर शिक्काही असतो.

तो शिक्का बहुतेक वेळा अमेरिका-कॅनडासाठीचा असतो. भारतात कंद, बिया, रोपं आणायला आधी काढलेला आयात परवाना आणि निघताना तिथलं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र, दोन्ही लागतात. 2003 च्या वनस्पती संगरोध आदेशाखाली हे बंधन आहे. चार कंदांसाठी हे कुणी करत नाही, म्हणून आणू नका. हा नियम कंटाळवाणा वाटतो, पण मातीबरोबर येणारी एखादी बुरशी किंवा सूत्रकृमी नाशिकच्या द्राक्षबागेपर्यंत पोहोचली तर ती चार कंदांपुरती राहत नाही. बागेच्या दुकानातून छापील चित्रं आणा, पोस्टकार्डं आणा.

16. समजा इथेच कंद मिळाले. ठाण्यात ट्युलिप येईल?

जमिनीत नाही. ट्युलिपला फुलायच्या आधी तीनेक महिने कडक थंडी लागते आणि ती आपल्याकडे नसते. श्रीनगरला जबरवानच्या पायथ्याशी मोठी ट्युलिप बाग होऊ शकली ती तिथल्या हिवाळ्यामुळे. हौसच असेल तर कंद कागदी पिशवीत घालून बारा आठवडे फ्रीजमध्ये ठेवायचे, पण फळांजवळ नाही. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने आतली कळी मरते. जानेवारीत बाहेर काढून कुंडीत लावले तर एकदा फूल येतं. पुढच्या वर्षी तो कंद पुन्हा फुलत नाही.

त्यापेक्षा आपले कंद लावा. भुईचाफा उन्हाळ्यात पानाआधी जमिनीतून थेट फुलतो. कळलावी पावसाळ्यात ज्वाळेसारखी (पण विषारी, मुलं-मांजरं असतील तर नको). सोनटक्का, निशिगंध. ही सगळी ठाण्याच्या बाल्कनीत सुखाने राहतात.

17. गुडघे दुखतात. आणि नातवाची बाबागाडीही आहे.

बाग बहुतांशी सपाट आहे, कारण ते गावच सपाट. दर थोड्या अंतरावर बसायला जागा आहे. काही वाटा खडीच्या आहेत, तिथे चाकं जड जातात. थंडीतून काचघरात शिरलात की चष्मा आणि कॅमेरा धुकटतात. दोन मिनिटं दाराशी थांबा, मग पुढे जा. आणि कोट काढून हातात घ्या. आत आपल्या जूनसारखी दमट हवा असते.

18. फोटो, व्हिडिओ?

स्वतःसाठी फोनवर काढा. ट्रायपॉड, लग्नाआधीचे फोटो, ड्रोन यासाठी आधी विचारावं लागतं.

19. मी बी.एस्सी. बॉटनीला आहे. हर्बेरियम बघता येईल का?

बाग आणि हर्बेरियम वेगळे. वाळवलेल्या नमुन्यांचा राष्ट्रीय संग्रह लायडनमध्येच नॅचुरालिस या संस्थेत आहे. त्याचं संग्रहालय सर्वांना खुलं आहे, नमुन्यांची कपाटं मात्र नाहीत. एखाद्या विशिष्ट गटावर काम करत असशील तर आपल्या विभागप्रमुखांमार्फत पत्र पाठव. कोणती प्रजाती, कोणते नमुने, कशासाठी, हे स्पष्ट लिही. 'सगळं बघायचंय' असं लिहिलंस तर उत्तर येणार नाही. त्याआधी त्यांचे डिजिटल नमुने घरबसल्या बघ. लाखो पत्रकांची छायाचित्रं खुली आहेत आणि अनेकदा तेवढ्यावर काम भागतं.

20. परदेशी जाणं आमच्या आवाक्यात नाही. इथे असं काही आहे का?

आहे, आणि हा प्रश्न विचारणाऱ्यांना आम्ही सगळ्यात जास्त वेळ देतो.

सर्वांत जवळ भायखळ्याची राणीची बाग. ती विद्यापीठाची नाही, पण 1862 सालची वनस्पती बाग म्हणूनच ती सुरू झाली. लोक पेंग्विन बघून परततात आणि जुन्या झाडांकडे मान वर करून बघतही नाहीत. सकाळी लोकलने जा, प्राण्यांकडे पाठ फिरवा आणि फक्त झाडं बघा.

विद्यापीठाचीच हवी असेल तर पुण्याची गणेशखिंड बाग. 1873 सालची, मूळ गव्हर्नरच्या बंगल्यासाठी केलेली, आता महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे. 2020 मध्ये तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. तिथे फळझाडांवर संशोधन चालतं, त्यामुळे आधी परवानगी विचारूनच जा. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाची बाग आहे. सह्याद्रीतल्या दुर्मिळ वनस्पती तिथे मुद्दाम जपल्या आहेत. कंदिलपुष्प जवळून बघायचं असेल तर तिकडे.

नवी मुंबईकरांना ऐरोलीचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र. तिथून फ्लेमिंगो बघायला बोट सुटते, पण बोटीची वाट बघताना कांदळवनाच्या फळीवाटेवर फिरा. श्वासमुळं चिखलातून वर कशी येतात, पानांवर मीठ कसं साचतं ते बोटाने तपासून बघता येतं.

21. तिथे झाडं बघताना एखाद्या पाटीवर नाव चुकलंय असं वाटलं तर?

सांगा, जरूर सांगा. पाटीचा फोटो, झाडाचा फोटो आणि तुम्हाला काय वाटतं ते दोन ओळींत बागेला ईमेल करा. इंग्रजी साधं असलं तरी चालतं. मराठी किंवा कोकणी स्थानिक नाव माहीत असेल तर तेही देवनागरीत लिहा, आणि शेजारी रोमन अक्षरांत.